करंगळीपर्यंत गेलेला करंट

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, जळगावात. गाठीत सुई घालून पेशी तपासायच्या, म्हणजे एफएनएसी, हे रोजचंच काम. मे महिन्यातल्या एका दुपारी चोपडा तालुक्यातला पस्तिशीचा एक भाऊ आला, केळीचे घड वाहायचं काम करणारा, सोबत आई. दंडाच्या आतल्या बाजूला लिंबाएवढी गाठ, तीन-चार वर्षांपासूनची, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ. माउली सारखी विचारत होती, "मन्हा आंडोरले कॅन्सर ते नही ना?"

चाचपून बघितली तेव्हाच खटकलं. गाठ आडवी हलत होती पण वर-खाली अजिबात नाही, आणि लायपोमासारखी मऊ पण नव्हती. 23 गेजची सुई आत गेली न गेली तोच तो ओरडला, "ओ माय वं! बोटेसपावत करंट गया!" कुठल्या बोटात रे भाऊ, तर करंगळी आणि तिच्या शेजारचं. म्हणजे अल्नर नस, या दोन बोटांकडे जाणारा मज्जातंतू! सुई लगेच काढली. लायपोमा असता तर स्लाइडवर तेलाचे थेंब चमकले असते आणि वाळता वाळले नसते, इथे जेमतेम दोन ठिपके आले आणि ते लगेच वाळले.

जिम्सा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर लांबट पेशींचे घट्ट पुंजके, केंद्रकं नागमोडी, टोकदार. श्वानोमा, नसेच्या आवरणाची साधी गाठ. पण मधेच काही केंद्रकं मोठी, काळी, वेडीवाकडी दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण अशा पेशी बघून सार्कोमा, म्हणजे कॅन्सर, लिहिला जाऊ शकतो. पुन्हा पुन्हा स्लाइड फिरवली, विभागणारी पेशी एकही नाही, नेक्रोसिस म्हणजे मेलेल्या पेशींचा भाग नाही, म्हणजे कॅन्सरची लक्षणं नाहीत. जुन्या श्वानोमात असे बदल होतात, त्याला एन्शियंट चेंज म्हणतात.

रिपोर्टमध्ये करंटची गोष्ट मुद्दाम लिहिली आणि सर्जनला फोन पण केला, कारण लायपोमा समजून काढायला गेलं तर नस कापली जाऊ शकते आणि मग हाताची पकड फार कमजोर होते, ज्याचं पोट घड उचलण्यावर आहे त्याचं काय होणार. म्हणून मला वाटतं सुई पॅथॉलॉजिस्टने स्वतः घालावी, तो ओरडला हे नुसत्या स्लाइडवरून मला कधीच कळलं नसतं.

आईला म्हटलं, "माय, कॅन्सर नही शे." ती खालीच बसली आणि रडायला लागली.

पुढे काढलेली गाठ बायोप्सीला माझ्याकडेच आली, श्वानोमाच निघाला. सर्जनला पहिला प्रश्न विचारला करंगळीचा. म्हणाले, दुसऱ्या दिवशीच हलवत होता.