माश्या मारणं सोडून माश्या बांधायला घेतल्या

सुट्टीत नुसता माश्या मारत बसतो असं घरचे म्हणतात, म्हटलं यंदा बांधूनच दाखवतो. इथे माशी म्हणजे फ्लाय, गळावर दोऱ्याने पिसं-केस बांधून केलेलं मासे पकडायचं आमिष. सप्टेंबरात आम्ही तिघं ओरेगॉनात डेशूट्स नदीवर, मॉपिनजवळ, स्टीलहेडसाठी जाणार होतो. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच, पण समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला नदीत परत येतो, आणि परत आल्यावर खातो अगदी कमी. त्यामुळे फ्लाय खऱ्या किड्यासारखी दिसली नाही तरी चालतं, मासा नुसता चिडला तरी काम होतं.

मी ग्रीन बट स्कंक नावाची फ्लाय निवडली. लाल शेपूट, हिरवं बूड, काळ्या शनीलचं (लवदार जाड दोऱ्याचं) अंग, त्यावर चंदेरी जर, काळं पीस आणि वरती पांढऱ्या केसांचा पंख. पिसापर्यंत दहा-पंधरा मिनिटांत झालं. मला वाटलं जमलं की राव!

मग तो पंख. आणि डोकं, म्हणजे अगदी पुढे दोऱ्याचे वेढे देऊन केलेला शेवट. तीन रात्री गेल्या माझ्या त्यात. केसांचा पुंजका दोऱ्याने आवळला की गळाभोवती गोल फिरून खाली जायचा, जोर लावला की दोरा तुटायचा, तुटला की पिसासकट सगळं सुटायचं, आणि एवढं करून बसलाच तर पुढे डोक्याला जागाच उरायची नाही, दोरा थेट गळाच्या नेढ्यावर चढायचा. पहिल्या आठपैकी सहा ब्लेडने कापून टाकल्या. व्हिडिओवाले नुसतं "जागा सोडा" म्हणतात, किती ते कोण सांगणार? मी सांगतो, नेढ्यामागे नेढ्याच्या दीडपट जागा आधीच मोकळी ठेवा, अंग लहान झालं तरी चालेल. केस वाटतात त्याच्या निम्मेच घ्या, मुळाशी असलेली लव विंचरून काढा, बुडाला लाखेचा (दोरा पक्का करणाऱ्या पातळ रोगणाचा) एक थेंब लावा, आधी दोन सैल वेढे आणि मग आवळा.

पंखाला बऱ्याचदा वासराच्या शेपटीचे केस वापरतात. आई तेव्हा आमच्याकडेच होती, "हे कशाचे रे?" म्हणाली, मी बकटेल, म्हणजे हरणाची शेपटी, आणलं होतं त्यामुळे "हरणाचे" म्हणून सुटलो. म्हणजे, सुटलो नाहीच, पण वाचलो.

हां, एक राहिलं, हे खरं तर सगळ्यात आधी करायचं: गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, म्हणजे गळ बिनकाट्याचा होतो. बांधून झाल्यावर दाबायला गेलो तर एक गळ मोडला, तोसुद्धा सगळ्यात देखण्या फ्लायचा.

नदीवर पहाटे, ऊन पाण्यावर यायच्या आत उभे राहिलो. अंधुक उजेडात लीडर (दोरीच्या टोकाचा बारीक धागा) ओवायला गेलो तर नेढं लाखेने बंद! दुसरी काढली, तीही बंद. मित्र पाण्यात आणि मी काठावर सुई शोधतोय. लाख ओली असतानाच नेढ्यातून सुई फिरवा, किंवा टाकाऊ पीस ओढून घ्या, पाच सेकंदांचं काम आहे.

तिसऱ्या दिवशी लागला एक. पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर शाबूत (हॅचरीत वाढवलेल्या माशांचा तो कापलेला असतो), म्हणजे जंगली, म्हणजे सोडायचाच. सोडला. फ्लायचं डोकं मात्र सुटलं नव्हतं, मित्रांना दोनदा दाखवलं.