नक्की ना?

रविवारी जेवणं झाल्यावर भाचा कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचा खेळ लावून बसला आणि मी पेपर घेऊन शेजारी लवंडले. डोळा लागतोय तोच "अरेऽऽ यार!" लाव्हाच्या काठाने पळताना डब्ल्यूऐवजी बोट क्यूवर पडलं होतं आणि हिऱ्याची पिकॅक्स, म्हणजे कुदळ, थेट लाव्हात. डब्ल्यू म्हणजे पुढे चाल, क्यू म्हणजे हातातलं टाकून दे. कीबोर्डवर दोघं अगदी खेटून बसलेले. जमिनीवर पडलेली वस्तू पाच मिनिटं तरी राहते, तेवढ्यात उचलावी. लाव्हात पडली की राख. नेदराइट नावाच्या धातूची असती तर तरंगली असती म्हणे, 2020 पासून तेवढी सोय केलीय.

"टाकण्याआधी विचारायला काय होतं या खेळाला? नक्की ना, म्हणून?"

"आत्या, मग क्रीपरनेही विचारायचं का, फुटू का?"

आता क्रीपर, म्हणजे त्यातला अंगावर येऊन फुटणारा राक्षस, खरं तर विचारतोच. जवळ आला की दीड सेकंद फुसफुसतो, मग फुटतो. पळायचं असेल त्याने पळावं. खेळ न थांबवता दिलेली इतकी सभ्य सूचना माझ्या पाहण्यात दुसरी नाही. नेदरमध्ये, म्हणजे या खेळातल्या नरकात, तेवढीही माणुसकी नाही. दमूनभागून पलंग मांडावा, आडवं व्हायला जावं, तर पलंगच फुटतो.

मी पडले विचारणाऱ्यांच्या जातीतली. कुलूप लावलं की ओढून पाहायचं, मग पुन्हा एकदा ओढायचं. हे आईकडून आलंय. मे महिन्यात गावाला निघालो की रिक्षा गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत ती गप्प असायची आणि तिथे हटकून म्हणायची, "गॅस बंद केलाय ना रे?" आम्ही भावंडं एका सुरात "होऽऽ". तिचं वाक्य संपायच्या आत. स्वयंपाकघरात डोकावलेलं आमच्यातलं कुणीच नसायचं, आणि ते आईलाही माहीत असावं. पण "हो" ऐकलं की ती पाठ टेकून बसायची.

रोज विचारलेल्या प्रश्नाला तोंड परस्पर उत्तर देतं. नेटहॅक नावाचा 1987 पासूनचा एक खेळ आहे. पडद्यावर नुसती अक्षरं, आणि एकदा मेलात की मेलात. वाटेत एखादा निरुपद्रवी प्राणी आडवा आला आणि तुम्ही त्याच्यावर चालून गेलात, तर खेळ विचारतो, खरंच हल्ला करायचाय? वाय दाबा. खेळणाऱ्यांची बोटं इतकी सरावली की प्रश्न दिसायच्या आत वाय दाबून मोकळी. शेवटी त्यात एक सोय आली: हवं तर नुसतं वाय चालणार नाही, अख्खं 'येस' टाइप करायला लावा. हा पर्याय स्वतःहून निवडणारे लोक मला फार जवळचे वाटतात. रिक्षा वळवून परत येणारे.

माइनक्राफ्टवाल्यांनी याहून शहाणी युक्ती केलीय. मेल्यावर जो पडदा येतो, त्यावरची बटणं सेकंदभर चालतच नाहीत. मरता मरता माणूस वाटेल तिथे क्लिक करत असतो, त्याचे हात थांबेपर्यंत थांबायचं. अख्खं जग पुसायला गेलात तर मात्र रीतसर विचारतात: हे कायमचं जाईल! आणि पुढे कंसात, बराच काळ! हे लिहिणाऱ्याला एकदा घरी जेवायला बोलवावं.

आमच्या वाड्यात असलं काही नव्हतं. 'टाइम प्लीज' होतं, म्हणजे अंगठा दाखवून ओरडलं की राज्य असलेल्याने जागच्या जागी थांबायचं. पण आउट व्हायच्या नेमक्या क्षणी सगळ्यांच्याच चपलेचा बंद तुटायला लागला, तेव्हा एका सुट्टीत ते रद्दच झालं. भाच्याच्या खेळात एकट्याने खेळताना एस्केप दाबलं की जग थांबतं. मित्रांबरोबर सर्व्हरवर असताना नाही थांबत. वाड्याचाच नियम.

आणि कच्चा लिंबू. तो माझा धाकटा भाऊ. लपाछपीत तो दिसला तरी त्याच्यावर राज्य नाही, लगोरीत चेंडू लागला तरी तो आउट नाही. दोन-चार दिवस हवेत होता. मग एका संध्याकाळी खेळ ऐन रंगात असताना चौकाच्या मध्ये फतकल मारून भोकाड पसरलं: "मला पण आउट करा!" कुणी करेना. त्याचं वय काढून समजूत घातली, गोळी दिली, ऐकेना. शेवटी एका मोठ्या मुलाने अगदी हळू, पण खराखुरा चेंडू पाठीत मारला. शर्टाच्या बाहीला नाक पुसत तो कट्ट्यावर आउट झालेल्यांच्या रांगेत जाऊन बसला, ताठ.

पिकॅक्स त्याच्याच मुलाची. तो हार्डकोअर खेळतो, एकच जीव असतो त्यात.

आणि भाऊ? बाहेरगावी निघाला की स्टेशनवरून हमखास फोन येतो. "ताई, गीझर बंद आहे ना, बघ गं जरा." मी "हो" म्हणते, सोफ्यावरून न उठता.