किराईत, तिरफळ आणि काकांची फेणी: नोंद तिसरी

गोव्यातल्या घरगुती वनस्पतींचा अर्क साखरपाण्यातल्या यीस्टचा फेस रोखतो का, ते मी घरी नळ्यांत बघतोय; फेस कमी म्हणजे अर्काने काम केलं. मागच्या नोंदीत मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की किराइताने, म्हणजे त्या कडूजहर औषधी झाडाने, यीस्टला साफ झोपवलं. ते मागे घेतो. झोपवलं ते फेणीने.

झालं असं की किराईत पाण्यात नीट उतरत नाही म्हणून मी ते काकांच्या काजूफेणीत भिजत घातलं होतं. किराइतातलं मुख्य कडू द्रव्य अँड्रोग्राफोलाइड. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, अल्कोहोलात विरघळतं. इथवर डोकं बरोबर चाललं होतं. पुढे २० मिली साखरपाण्यात मी त्या अर्काचे सरळ ५ मिली ओतले. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलंय, म्हणजे नळीत साडेआठ टक्के अल्कोहोल झालं. एवढ्यात बेकरीचं यीस्ट कशाला फेस काढेल? नुसती फेणी घातलेली नळी शेजारी ठेवायला हवी होती, ती मी ठेवलीच नव्हती.

या वेळी ठेवली. अर्कही १ मिलीवर आणला, म्हणजे अल्कोहोल दोन टक्क्यांच्या आसपास. एका तासात फेसाची उंची: नुसतं साखरपाणी ६ सेंमी, फेणीवालं ६, किराईतवालं साडेपाच. तीन दिवस लागोपाठ करून पाहिलं, फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे गेला नाही. माझ्या पट्टीला तेवढी चूक माफ आहे. अर्क जिभेवर टेकवला तर दुपारपर्यंत तोंड कडू, तेव्हा द्रव्य उतरलं होतं यात शंका नाही. यीस्टला त्याचं काही वाटलं नाही, एवढंच.

आता तिरफळ, माशाच्या आमटीत घालतात ते वासाचं फळ. पहिल्या खेपेला मी टरफलं पंधरा मिनिटं उघड्या टोपात उकळली. घरभर काय वास सुटला होता! आई आतून म्हणाली, "अरे, सगळं वाऱ्यावर घालवलंस की. हुमणात मी तिरफळं कधी घालते ते बघितलंयस का?" बघितलं होतं, पण डोक्यात कधी शिरलं नव्हतं. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे आमटीत, तिरफळं शेवटी पडतात, नुसती ठेचून, वाटणात न घालता. तिरफळाचा जो काही गुण आहे तो त्याच्या उडून जाणाऱ्या तेलात आहे. माझ्या काढ्यात मागे उरलं ते तुरट तपकिरी पाणी. त्याचा फेस साडेपाच सेंमी, म्हणजे परिणाम शून्य.

दुसऱ्या खेपेला काळं बी काढून टाकलं, टरफल ठेचलं, घट्ट झाकणाच्या बाटलीत फेणीत दोन दिवस ठेवलं आणि त्यातलं १ मिली घेतलं. फेस ३ सेंमी. दुसऱ्या दिवशी साडेतीन, तिसऱ्या दिवशी पुन्हा ३. शेजारची फेणीची नळी तिन्ही दिवस सहाच्या आसपास. या हंगामात मला खरोखर पटलेला निकाल हा एकच.

भिरंडेची, म्हणजे कोकमाची, गोष्ट लाजिरवाणी आहे. मे महिन्यात मी आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरून "कोकम जंतुनाशक" असा शिक्का मारून मोकळा झालो होतो. आगळात मीठ किती असतं हे डिचोलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे! म्हणून आता बिनमिठाची सोलं (कोकमाच्या सुकवलेल्या साली) आणली आणि पाण्यात भिजवली. फेस दीड सेंमी. खूश झालो. मग पीएच कागदाने आंबटपणा बघून तेवढ्याच आंबट सायट्रिक ॲसिडची नळी लावली, तिचा फेस दोन. शेवटी सोलांच्या पाण्यात चिमूट चिमूट खायचा सोडा घालत कागद सहावर आणला. लाल रंग जाऊन गढूळ जांभळट झाला (यीस्ट घालण्याआधी सोड्याचा फसफसाट पूर्ण थांबू द्या, नाहीतर तोच फेस मोजत बसाल). आता फेस साडेपाच. म्हणजे इथे काम केलं ते आंबटपणाने.

याचा अर्थ भिरंड फुकाची असा नाही. भिरंडेतल्या ज्या द्रव्यावर प्रयोगशाळांत स्टॅफिलोकॉकससारख्या जीवाणूंविरुद्ध काम झालंय ते गार्सिनॉल पाण्यात उतरतच नाही. ते सालीत राहतं, त्याला सेंद्रिय द्रावक लागतो. माझ्या पाण्यात आले ते अँथोसायनिन, म्हणजे लाल रंग, आणि आम्ल. आणि यीस्ट म्हणजे जीवाणू नव्हे हेही आहेच. जीवाणूंच्या बशा घरी वाढवायच्या नाहीत हा माझा नियम कायम आहे, कुणी कितीही आग्रह केला तरी.

अँटिऑक्सिडंटचं काम थोडक्यात. प्रयोगशाळेत त्यासाठी वापरतात ते डीपीपीएच नावाचं रसायन आणि त्याचा रंग ५१७ नॅनोमीटरवर मोजणारं यंत्र माझ्याकडे कुठून असणार? माझ्याकडे २ टक्क्यांचं टिंक्चर आयोडीन, दहापट पातळ केलेलं, आणि निळा रंग दाखवायला उकड्या तांदळाच्या पेजेचं निवळ. निळा रंग टिकेपर्यंत जितकं आयोडीन लागेल तितकं अँटिऑक्सिडंट जास्त. आधी व्हिटॅमिन सीच्या गोळीवर तपासलं: ५ मिलिग्रॅमला हिशेबाने ३.६ मिली लागायला हवं, मला ३.७ लागलं. पहिल्या पावसाच्या कोवळ्या टायकिळ्याची (टाकळ्याची) १० ग्रॅम पानं ५० मिली पाण्यात वाटून गाळली, त्यातल्या ५ मिलीला ०.९ मिली लागलं. दहा मिनिटं शिजवल्यावर, पाण्यासकट, ०.४. आयोडीनला इतर द्रव्यंही खातात, म्हणून याला मी व्हिटॅमिन सी म्हणत नाही, पण चूल अर्ध्याहून जास्त खाऊन टाकते हे दिसलं. भाजी मात्र आम्ही बिकणां (फणसाच्या आठळ्या) घालून शिजवूनच खाणार. टायकिळ्याला संस्कृतात दद्रुघ्न म्हणतात, म्हणजे नायट्याचा शत्रू, तेव्हा बुरशीवर त्याच्या बिया बघायच्या आहेत. शेंगा पिकेपर्यंत थांबावं लागेल.

सगळं साहित्य घरच्या कुळागरातलं (बागायतीतलं) आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं. म्हादई अभयारण्यातून पानही तोडलेलं नाही, कृपया तुम्हीही तोडू नका.

पुढे चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या मांडवीला, कांगलां ही रानफळं येतील. त्यांचंही तेल फेणीत उतरवून बघायचा बेत आहे, पण काकांनी आता बाटलीवर पेनाने रेघ मारून ठेवली आहे.