बोटासाठी कंबर कशाला कापता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "डॉक्टर, ती कृत्रिम हाडाची पावडर मिळते की! मग बोटाच्या हाडातली पोकळी भरायला कंबरेचं हाड कशाला काढता?" हा प्रश्न ओपीडीत येतो, लग्नाच्या पंगतीतही येतो. मिळते. मी वापरतोही. पण ते बहुतेकदा कॅल्शियमचे क्षार असतात, त्यात जिवंत पेशी नाहीत. शेजारचं हाड धडधाकट असेल तर त्यांच्या आधाराने ते आत सरकतं. नवलाईही नाही: प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे कॅल्शियम सल्फेटच, ड्रेसमन या जर्मन सर्जननी १८९२ मध्ये हाडाच्या पोकळीत भरलं होतं.

एका तरुणाचं करंगळीचं हाड स्कूटर स्टँडवर घेताना मोडलं. आत एन्कॉन्ड्रोमा निघाला, कॅन्सर नसलेली गाठ. हाताच्या हाडांत हीच सर्वांत जास्त सापडते. ती खरवडून कॅल्शियम सल्फेटचे खडे भरले. काही दिवसांनी जखमेतून पांढरट पाणी येऊ लागलं. या खड्यांनी ते येतं, पू नसतो. आधी सांगितलंही होतं. पण आई ते बघून रडायलाच लागली. पुढे एक्स-रे काढला, तर खडे जवळजवळ दिसेनात. वडिलांनी दोन्ही फिल्म उजेडाला धरल्या. "भरलं होतं ना? मग गेलं कुठं? बिलात तर लावलंय." म्हटलं, काका, ते विरघळायलाच हवं, हाड मागून येतं. "बरं," म्हणाले आणि फिल्म पाकिटात घातल्या. त्या 'बरं'मधला संशय मला कळला. पुढच्या वेळी मुलगा एकटाच आला. हाड भरत होतं. वडिलांना सांग म्हटलं. सांगितलं की नाही, कोण जाणे.

शिकत असताना मी ठासून म्हणायचो, स्वतःचं हाड ते स्वतःचं. मग बोट बरं झाल्यावरही पेशंट कंबर धरून का यायचे, बाबा? मनगटाजवळून थोडं हाड घेता येतं, हे खरं, पण थोडंच. आणि एन्कॉन्ड्रोमा खरवडून पोकळी रिकामी ठेवली तरी ती बहुतेकदा भरते, असे अभ्यास आहेत. मग मी खडे का भरले? हाड मोडलेलं होतं म्हणून. शिवाय रिकामं सोडायला हात धजत नाही, अजूनही.

मनगटातल्या स्केफॉइड या छोट्या हाडाचं जुनं, न जुळलेलं फ्रॅक्चर मात्र वेगळं. त्याच्या कोपराकडच्या टोकाला रक्त उलट वाटेने, जेमतेम पोचतं. तिथे नुसत्या पावडरीवर माझा भरवसा नाही. पेशंटचंच हाड घेतो, कंबर दुखेल हे आधी सांगून.