सरांनी फळ्यावर मांडलेला एका मेगाटनचा हिशेब

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागणारं पत्र आलं, त्यात विषय सुचवले होते: स्नेहसंमेलन, सहली, मैदान, आवडते शिक्षक. मार्च १९९० ला दहावी झालेल्या आमच्या तुकडीला यात निवड करायचं कारणच नाही. फिजिक्सचे सर. नाव मुद्दाम लिहीत नाही. सरांना ते आवडलं नसतं, आणि ज्यांना ते शिकवायला होते त्यांना नाव सांगावं लागणार नाही.

बाकीच्या शाळेबद्दल इतरांनी लिहिलं असेलच. मला लिहायचंय ते एका शनिवारच्या सकाळच्या शाळेबद्दल. तारीख १६ डिसेंबर १९८९. रशियन भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव मॉस्कोत १४ तारखेच्या रात्री गेले होते. सरांनी बातमीचं कात्रण प्रयोगशाळेच्या बोर्डावर लावलं, कडेला नेहमीसारखी लाल पेन्सिलीने तारीख टाकली आणि पुढचा ऑफ तासही मागून घेतला. प्रिलिम तोंडावर असताना उजळणी बाजूला ठेवून दोन तासांत एकच उदाहरण सोडवलं.

साखारोवनी सोव्हिएत हायड्रोजन बॉम्ब केला, ही गोष्ट सरांनी आधीच सांगून टाकली. भौतिकशास्त्रज्ञ इगोर ताम यांच्या गटातला हा तरुण १९४८ पासून त्या कामात होता. १२ ऑगस्ट १९५३ ला सेमिपलातिन्स्कला ४०० किलोटनचा स्फोट झाला, १९५५ च्या नोव्हेंबरात १.६ मेगाटनचा. मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटीएवढी स्फोटशक्ती, किलोटन त्याचा हजारावा भाग. 'समाजवादी श्रमवीर' हा किताब त्यांना तीनदा मिळाला. त्याच काळात ताम यांच्याबरोबर संलयनासाठी, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जुळवून ऊर्जा मिळवण्यासाठी, तप्त वायू चुंबकीय क्षेत्रात बांधून ठेवायची टोकामॅकची कल्पनाही मांडली. हे सगळं सरांनी पाच मिनिटांत उरकलं आणि फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे 'गृहीत', उजवीकडे 'हिशेब'. गृहीत न लिहिता आणलेल्या बरोबर उत्तरालाही सर अर्धा गुण कापायचे, हे आपल्यातल्या प्रत्येकाला आठवत असेल.

हायड्रोजन बॉम्ब फुटला की संलयनातून न्यूट्रॉन सुटतात. बाहेर पडलेला न्यूट्रॉन हवेतल्या नायट्रोजन-१४ च्या केंद्रकात शिरतो, एक प्रोटॉन बाहेर पडतो आणि मागे उरतो कार्बन-१४. एका मेगाटनमागे असा काही किलो कार्बन तयार होतो. त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो ज्वारीच्या पानात जातो, तिथून दाण्यात, दाण्यातून भाकरीत आणि भाकरीतून आपल्या पेशींत. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत 'स्वच्छ' बॉम्बचा गवगवा चालला होता. युरेनियमचं विखंडन, म्हणजे केंद्रक फुटणं, कमी केलं की किरणोत्सर्गी राख कमी, असा तो दावा. त्याला उत्तर म्हणून सोव्हिएत अणुप्रकल्पाचे प्रमुख कुर्चातोव यांनी साखारोवना लेख लिहायला सांगितलं. सरांनी इथे दोन रेघा ओढल्या: विखंडन कमी झालं तरी न्यूट्रॉन सुटायचे थांबत नाहीत, म्हणजे कार्बन होतच राहतो. हे अमेरिकेच्या बॉम्बला जेवढं लागू, तेवढंच रशियाच्या. लेख मागणाऱ्यांना बहुधा अर्धंच उत्तर हवं होतं. साखारोवनी हिशेब पूर्ण केला.

कार्बन-१४ चं अर्धायुष्य, म्हणजे त्याचा निम्मा भाग उरायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षं. इथे वर्गाची ठरलेली चूक झाली: दोन अर्धायुष्यं, म्हणजे साडेअकरा हजार वर्षांत सगळं संपलं. संपत नाही, पाव भाग उरतो. दहा अर्धायुष्यांनंतरही साधारण हजारातला एक भाग शिल्लक असतो. सरासरी आयुष्य हवं तर ५,७३० ला ०.६९३ ने भागायचं, येतात जवळपास ८,२७० वर्षं. तेवढ्या काळातल्या सगळ्या पिढ्यांना अगदी थोडा थोडा डोस.

डावीकडची सगळ्यात महत्त्वाची ओळ सरांनी सगळ्यात शेवटी लिहिली: किरणोत्सर्गाला निर्धोक अशी खालची मर्यादा नाही. डोस निम्मा झाला तर धोका निम्मा होतो, शून्य होत नाही. ही ओळ पुसली तर उत्तर शून्यावर येतं, म्हणून भांडण या ओळीवर आहे, गुणाकारावर नाही, असं ते म्हणाले. ओळ ठेवली, तर तेवढाच डोस एका गावाला वाटा नाहीतर जगाला, बळींचा एकूण आकडा तोच राहतो. कार्बन आणि इतर पदार्थ धरून साखारोवांचा अंदाज होता मेगाटनमागे सुमारे १०,००० माणसांचा. तोवरच्या चाचण्या जवळजवळ ५० मेगाटनच्या. गुणाकार ५ लाख.

मागच्या बाकावरून कुणीतरी बोललं, "सर, हजारो वर्षांत दहा हजार. म्हणजे मेगाटनमागे वर्षाला एखादाच माणूस की!" वर्गात थोडं हसूही झालं. सर रागावले नाहीत. भागाकार बरोबर आहे म्हणाले, त्या मुलाला पुढे बोलावलं आणि खडू त्याच्या हातात दिला. "त्या एकाचं नाव लिही." तो खडू घेऊन नुसताच उभा. "नाही लिहिता येणार. कॅन्सरच्या दवाखान्यातला कुठला पेशंट चाचणीमुळे आलाय, हे डॉक्टरलाही कळत नाही. ज्याचं नाव लागत नाही त्याच्यासाठी कोर्टात कोण जाणार? बस जागेवर."

पुढचं सरांनी भराभर सांगितलं, पण आज मला तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. जुलै १९६१ मध्ये चाचण्या पुन्हा सुरू करू नका अशी चिठ्ठी साखारोवनी सोव्हिएत नेते ख्रुश्चेवना दिली. त्यावर मेजवानीत सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला ५० मेगाटनचा स्फोट झाला. सप्टेंबर १९६२ मध्ये दोन प्रयोगशाळांच्या जवळपास सारख्याच दोन बॉम्बांची चाचणी व्हायची होती. एक पुरे, दुसरी नको, म्हणून साखारोवनी मंत्र्यांपासून ख्रुश्चेवपर्यंत सगळ्यांना गाठलं. कुणी ऐकलं नाही. ज्याला मेगाटनमागची माणसं मोजता येत होती, त्याला ती अनावश्यक चाचणी काय वाटली असेल! १९६३ च्या मॉस्को कराराने हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अंतराळातल्या चाचण्या बंद झाल्या. जमिनीखालचा वादग्रस्त भाग वगळून करार करा, ही सूचना साखारोवनीही वरपर्यंत पोचवली होती.

त्यानंतर या माणसाने नावं लिहायला घेतली. शांतता आणि वैचारिक स्वातंत्र्यावर लिहिलेल्या १९६८ च्या निबंधानंतर गुप्त कामातून काढून टाकलं. साठवलेले १,३९,००० रूबल कॅन्सर रुग्णालय आणि रेडक्रॉसला देऊन टाकले. १९७० मध्ये चालिद्झे आणि त्वेर्दोख्लेबोव या दोघांबरोबर मानवी हक्क समिती काढली. तेही दोघं भौतिकशास्त्राचेच. काम कंटाळवाणं होतं: आरोपी कोण, कुठल्या कलमाखाली, खटला कुठल्या शहरात, वकील कोण, शिक्षा किती. खटला कागदोपत्री उघडा असायचा, पण खुर्च्या आधीच भरलेल्या, म्हणून साखारोव कोर्टाच्या दाराबाहेर. अशी माहिती छापणारं 'घडामोडींची बखर' हे पत्रक १९६८ पासून पातळ कागद आणि कार्बन पेपर लावून टाइप होत असे. खालच्या प्रती पुसट यायच्या आणि कुणी पुन्हा टाइप करताना आडनाव नाहीतर तारीख चुकायची. पुढच्या अंकात चूक दुरुस्त केलेली असे. सरांना या दुरुस्तीचं फार कौतुक. मोजमापात त्रुटी सांगणारा माणूसच विश्वासाचा, असं ते व्हर्नियर शिकवतानाही म्हणत.

१० डिसेंबर १९७५ ला ऑस्लोत साखारोवांचं शांततेचं नोबेल त्यांच्या पत्नी येलेना बॉनर यांनी स्वीकारलं. साखारोव त्या दिवशी विल्निअसला होते, कारण त्याच पत्रकासाठी पकडलेल्या सेर्गेई कोवाल्योव या जीवभौतिक शास्त्रज्ञाचा खटला तिथे चालला होता. नोबेल व्याख्यानात साखारोवनी कैद्यांच्या नावांची लांबलचक यादी घातली. ऐकणाऱ्यांना ती रुक्ष वाटली असेल. सरांचा वर्ग केलेल्याला वाटणार नाही.

अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत फौजांविरुद्ध बोलल्यावर २२ जानेवारी १९८० ला त्यांना गोर्की शहरात नजरकैदेत हलवलं. दाराशी पोलीस, फोन नाही. आठवणींचं हस्तलिखित चोरीला गेलं, एकदा दाताच्या दवाखान्यातून पिशवीसकट, पुढे एकदा गाडीतून. प्रत्येक वेळी पुन्हा लिहून काढलं. उपोषणं केली तेव्हा जबरदस्तीने अन्न घातलं. मात्र विज्ञान अकादमीने नाव कमी केलं नाही आणि मॉस्कोच्या संस्थेतले सहकारी नवे शोधनिबंध घेऊन भेटायला जात राहिले. १५ डिसेंबर १९८६ ला घरात अचानक फोन बसवला गेला, दुसऱ्या दिवशी गोर्बाचोव बोलले: मॉस्कोला परत या. साखारोवनी आभार मानले आणि लगेच राजकीय कैदी अनातोली मार्चेन्कोचं नाव काढलं. तो आठवड्यापूर्वीच, ८ डिसेंबरला, कैदेत मेला होता. मग उरलेल्या कैद्यांच्या सुटकेचं बोलले.

आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेच्या व्याख्यानांना जाणारी आपली मुलं साखारोवना ओळखतात ती १९६७ च्या तीन अटींमुळे: विश्वात प्रतिद्रव्य न उरता द्रव्यच का उरलं, त्याच्या अटी. ते ओळखायलाच हवं. पण अप्पा बळवंत चौकातून आणलेली मीर प्रकाशनाची रशियन पुस्तकं शिकवताना त्यांत कोणाचं नाव नाही हेही सांगणारे शिक्षक आपल्याला मिळाले. आमच्या तुकडीतले दोघे आज संशोधनात आहेत, एकजण वकील आहे आणि तिघांच्याही तोंडी 'आधी गृहीत लिही' हेच वाक्य येतं.

प्रयोगशाळेच्या जागी आता संगणककक्ष झालाय. संगणक हवेतच. पण तो लांबलचक काळा फळा काढला, याचं वाईट वाटतं. पडद्यावर उत्तर क्षणात येतं आणि डावीकडचा रकाना कुणाला दिसतच नाही. दोन तास एका उदाहरणाला द्यायची मुभाही हल्लीच्या शिक्षकांना नाही, त्यात त्यांचा दोष नाही.

माजी विद्यार्थी संघाकडे एकच मागणं आहे. अमृतमहोत्सवी निधीतून कमानीऐवजी नववी-दहावीच्या मजल्यावर भिंतभर फळा लावावा आणि प्रयोगशाळेला किरणोत्सर्ग मोजणारा एक गायगर काउंटर द्यावा. पहिल्या वर्षी मुलांनी आधी रिकाम्या खोलीची पार्श्वभूमी मोजावी, निदान दहा-दहा मिनिटांची पाच वाचनं घ्यावीत, सरासरीबरोबर त्रुटीही लिहावी आणि मगच दुसऱ्या कशाजवळ नळी न्यावी. फळ्याचा खर्च आमची तुकडी करील.