कॉमन नेम अचूक भरले, तरी लाल त्रिकोण जाईना

रबाळे एमआयडीसीतल्या ज्या लहान कारखान्याचे संगणक मी सांभाळतो, तिथे गोदामातील मालाच्या नोंदींसाठी उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालणारा एक अपाचे वेब सर्व्हर आहे. बाहेरच्या इंटरनेटवरून तो दिसत नाही, १९२.१६८.१.५० या पत्त्यावर फक्त कारखान्याच्या वायफायमध्ये उघडतो. साध्या एचटीटीपीवर त्याचे काम सुरळीत चालले होते, पण खोक्यांवरचे बारकोड मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचायचे ठरले आणि तिथे अडले, कारण जोडणी सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएसची, नसेल तर ब्राउझर वेबपानाला कॅमेरा वापरूच देत नाही. अशा जोडणीला सर्व्हरची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र लागते, आणि लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे मोफत प्रमाणपत्र अशा खाजगी पत्त्याला मिळत नाही. तेव्हा स्वतःच सही केलेले प्रमाणपत्र बनवायचे, असे मी ठरवले.

अपाचेचे सुरक्षित जोडणीसाठीचे एसएसएल मॉड्यूल सुरू करणे, ४४३ पोर्ट मोकळे करणे आणि साइटच्या फाइलमध्ये गुप्त किल्लीचा व प्रमाणपत्राचा मार्ग लिहिणे ही कामे दुपारच्या जेवणाआधी आटोपली. पुढचे तीन दिवस मात्र एकाच प्रश्नापायी गेले आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

प्रमाणपत्र बनवताना ओपनएसएसएल हे साधन एकेक प्रश्न विचारते: देश, राज्य, शहर, संस्था, विभाग, मग कॉमन नेम (म्हणजे प्रमाणपत्र कोणाच्या नावाचे ते) आणि शेवटी ईमेल. ज्या लेखी सूचना समोर ठेवून मी काम करत होतो, त्यांत कॉमन नेम हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असून तिथे सर्व्हरचा पत्ता अचूक भरावा, असे बजावलेले होते. मी तो अचूक भरला. प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासू मूळ प्रमाणपत्रांच्या यादीत घातले, क्रोम बंद करून पुन्हा उघडला, आणि तरीही असुरक्षित जोडणीच्या इशाऱ्याचा लाल त्रिकोण समोर आला. खाली बारीक अक्षरांत त्रुटी लिहिलेली होती: कॉमन नेम इनव्हॅलिड.

ही त्रुटी वाचल्यावर कोणीही कॉमन नेमच तपासेल. मीही तेच केले. पत्त्याऐवजी सर्व्हरचे नाव लिहून पाहिले, मग पुन्हा पत्ता लिहिला, शेवटी चुकून एखादी मोकळी जागा राहिली असेल म्हणून एकेक अंक मोजून टाइप केला. दर वेळी नवे प्रमाणपत्र, दर वेळी अपाचे पुन्हा सुरू करणे आणि दर वेळी ते विंडोजच्या यादीत नव्याने घालणे, कारण स्वतः सही केलेले प्रमाणपत्र बदलले की आधीचा विश्वास त्याच्या कामी येत नाही. यादीत एकसारख्या नावाची नऊ प्रमाणपत्रे साठली आणि त्यांतले चालू कोणते, हेच ओळखू येईना. ही जुनी प्रमाणपत्रे लगेच काढून टाकत जावीत. मी ती शेवटी काढली आणि त्यात वेगळा अर्धा तास गेला.

त्याच गडबडीत गोदाम सांभाळणाऱ्या ताईंनी मोबाइल पुढे करून विचारले, "दादा, 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असं येतंय. तरी पुढे जाऊ का?" हो म्हटले असते तर त्या दिवसापुरते काम चाललेही असते. पण हा इशारा ओलांडायची सवय ज्याला आपण लावतो, तो उद्या बँकेच्या खोट्या पानावरही तसाच पुढे जाईल. मी त्यांना थांबायला सांगितले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वैतागून एका सुरळीत चालणाऱ्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्र उघडले आणि आमचे प्रमाणपत्र मजकुराच्या रूपात काढून दोन्ही ओळीओळीने ताडून पाहिली. त्यांच्याकडे 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम' नावाचा एक भाग होता. आमच्याकडे तो मुळातच नव्हता. क्रोम २०१७ मधल्या ५८ व्या आवृत्तीपासून नाव जुळवताना कॉमन नेमकडे पाहतच नाही, फक्त हा भाग वाचतो. कॉमन नेमवर विसंबण्याची पद्धत कालबाह्य ठरल्याचे तर एचटीटीपीएसविषयीच्या आरएफसी २८१८ या तांत्रिक दस्तऐवजात २००० सालीच लिहिलेले आहे. म्हणजे प्रश्न विचारला जातो एका जागी, उत्तर वाचले जाते दुसऱ्या जागी, आणि त्रुटीचे नाव मात्र पहिल्याच जागेकडे बोट दाखवते.

ओपनएसएसएल १.१.१ पासून आज्ञेतच 'अ‍ॅडएक्स्ट' हा पर्याय देऊन हा भाग जोडता येतो. मी तो जोडला आणि पुन्हा तीच त्रुटी आली. या वेळी मजकूर काढल्याबरोबर चूक दिसली: पत्त्याच्या आधी मी 'डीएनएस' हा नावांसाठीचा प्रकार लिहिला होता. आकडी पत्ता 'आयपी' या प्रकारातच द्यावा लागतो. डीएनएस म्हणून दिलेला पत्ता ब्राउझर जुळवत नाही. प्रकार बदलला, पान उघडले आणि त्रिकोण गेला. त्या क्षणी मी खुर्चीतून अक्षरशः उठून उभा राहिलो. म्हणून प्रमाणपत्र बनवले की सर्व्हरवर चढवण्याआधी त्याचा मजकूर काढून तो एक भाग डोळ्यांनी वाचावा; माझे तीन दिवस त्या एका मिनिटात वाचले असते.

मालकांच्या आयफोनने मात्र हेही प्रमाणपत्र नाकारले, कारण मुदत मी ३६५० दिवसांची ठेवली होती आणि अ‍ॅपल २०१९ च्या जुलैपासून काढलेल्या प्रमाणपत्रांना ८२५ दिवसांहून अधिक मुदत मान्य करत नाही. ती कमी करून नवे बनवले. आयफोनवर प्रमाणपत्राचे प्रोफाइल बसवल्यानंतरही सेटिंग्जमध्ये 'अबाउट'च्या तळाशी विश्वासाचे बटण वेगळे चालू करावे लागते. फायरफॉक्स स्वतःची यादी बाळगतो, त्यामुळे तिथे प्रमाणपत्र वेगळे घालण्याची तयारी ठेवावी.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: फोनवर पाठवायची ती फक्त प्रमाणपत्राची फाइल. किल्लीची फाइल सर्व्हर सोडून कुठेही जाऊ देऊ नये, आणि तिची परवानगी ६०० ठेवावी, म्हणजे रूट या मुख्य खात्याखेरीज कोणी ती वाचू शकणार नाही. उपकरणे पाचसहांहून अधिक असतील, तर आधी स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बनवून त्याच्या सहीने सर्व्हरचे काढावे. फोनवर ते मूळ प्रमाणपत्र एकदाच घातले, की मग सर्व्हरच्या प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येक फोन हातात घ्यावा लागत नाही. मी तसे केलेले नाही. आमचे अकरा फोन आहेत आणि मुदत संपण्याची तारीख सर्व्हरवर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवली आहे. त्याआधी हा बदल मी करणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी पान उघडले, कॅमेऱ्याची परवानगी दिली आणि पहिल्या खोक्याचा बारकोड लगेच वाचला गेला.