बर्किटचा नकाशा

दहावीला भूगोल ४० मार्कांचा. समताप रेषा (सारख्या तापमानाची ठिकाणं जोडणाऱ्या) काढायला घेतल्या की मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न येतोच, “मॅडम, याचा उपयोग काय?” हल्ली मी डेनिस बर्किटची गोष्ट सांगते.

बर्किट आयर्लंडचा. लहानपणी अपघातात एक डोळा गेला, तरी सर्जन झाला. युगांडात कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलात १९५७ साली त्याला एक मुलगा दाखवला गेला. वरखाली, दोन्ही बाजूंनी जबडा गाठींनी फुगलेला. एक गाठ समजू शकते, चारही बाजूंना कशी येईल? काही आठवड्यांनी जिंजाच्या हॉस्पिटलात खिडकीबाहेर नजर गेली, तर गवतावर आईजवळ तशाच चेहऱ्याची मुलगी. तिच्या पोटातही गाठी.

हा लहान मुलांचा कर्करोग. कापून काढण्यात अर्थ नव्हता, पुन्हा वाढायचा. तेव्हा बर्किटने माझ्या विषयातला प्रश्न विचारला: हा कुठे कुठे होतो? गाठींचे फोटो छापून आफ्रिकाभरच्या दवाखान्यांना पाठवले. १९६१ मध्ये दोन डॉक्टर मित्रांना घेऊन जुन्या फोर्ड गाडीतून सुमारे १० हजार मैल दक्षिणेकडे भटकून आला.

नकाशावर आफ्रिकेच्या मध्यावर पट्टा उमटला. विषुववृत्ताजवळ साधारण ५००० फुटांच्या वर आजार नाही. म्हणजे उंचीचा संबंध? पण दक्षिणेकडे जावं तशी ही मर्यादा खाली सरकत होती. इथे मी थांबते आणि वर्गाला विचारते. कुणीतरी “तापमान!” म्हणतंच. ऊब आणि पाऊस जिथे, तिथे आजार. म्हणजे डास असणार, असं बर्किटला वाटलं.

त्याचं लंडनमधलं व्याख्यान ऐकून एपस्टाइन नावाचा संशोधक गाठींमध्ये विषाणू शोधायला लागला. १९६४ मध्ये सापडला, एपस्टाइन-बार विषाणू. गंमत अशी की तो पसरतो थुंकीतून आणि जगात जवळपास सगळ्यांच्या अंगात असतो. मग पट्टा कशाचा? मलेरियाचा. वारंवार होणाऱ्या मलेरियाने मुलांची प्रतिकारशक्ती बिघडते आणि हा विषाणू डोकं वर काढतो. डास दोषी होता, फक्त गुन्हा वेगळा होता.

पुढे हाच माणूस आहारातल्या चोथ्याच्या मागे लागला आणि खेड्यातल्या लोकांची शी वजन करत बसला. तेवढं सांगितलं की वर्गात जो हशा पिकतो, त्यात समताप रेषा उद्यावर जातात.